मांड्यांची पाटी

तो गुरुवार होता आणि लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आई पहाटे उठून न्हाली, कपबशी विसळून पालथी घातली, आणि मी उठायच्या आत तिनं आपला डबा बांधून ठेवला. प्रतापनगरच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळचा आवाज एवढाच असे: बशी पालथी पडल्याचा. मी आरशापुढे केस विंचरत होते. ती दारात चपला शोधत म्हणाली, "पमे, पाटीवर अजून जागा आहे. एक डाव येऊन थे भरून दे." माझ्या दातांत पिन होती. पिनेच्या बाजूनं मी विचारलं, "काय लिहायचंय?" "तू ये तं खरी. मंग सांगीन." मी म्हणाले, "रविवारी येते." तशी ती हसली. "रविवारी संस्था बंद राहते. येवढी पुस्तकं वाचते, अन् रविवारी सुट्टी राहते हे नाही लिहिलं कोनत्या पुस्तकात?" मग तिला चपला सापडल्या आणि ती बससाठी निघून गेली. संध्याकाळी आली तेव्हा तिला विचारायचं मी विसरले. आम्ही भात आणि चवळीच्या शेंगांची भाजी खाल्ली. शेंगा जून निघाल्या होत्या, त्यावर आमचं थोडं बोलणं झालं. त्या बोलण्यातला शब्द न् शब्द मला आठवतो. तिचं माझ्याशी झालेलं शेवटचं लांबलचक बोलणं जून शेंगांबद्दल होतं.

शुक्रवारी दुपारी कॉलेजच्या ऑफिसातला शिपाई वाचनालयात आला आणि माझ्या कामाच्या टेबलाशी उभा राहून आधी पुस्तकांकडे पाहत राहिला. आई काम आटोपून, हात धुऊन, भिंतीला टेकून बसली होती. संस्थेतली रुखमाबाई तिला चहाला उठवायला गेली, तर ती उठली नाही. इतकंच झालं होतं.

तिच्या तोंडी 'संस्था' म्हणजे एकच जागा. इंदोऱ्याच्या पुढे, बंद पडलेल्या एका शाळेमागच्या पत्र्याच्या गोदामात सुमतीताईंनी आणि त्यांच्या चार मैत्रिणींनी सामायिक स्वयंपाकघर उघडलं होतं. सहा चुली, तीन गॅसच्या शेगड्या, एक लांब दगडी ओटा, नळ, तराजू, भिंतीत कुलपाचे कप्पे. ज्या बाईच्या हातात कसब आहे पण घरात ते करायला जागा नाही, किंवा घराचा पत्ता सांगितला की गिऱ्हाईक मागे फिरतं, तिला तिथे अर्ध्या दिवसाची चूल मिळे. संस्था त्यातून नफा घेत नसे. धंदा आपल्या पायांवर उभा राहिला की बाईनं चूल रिकामी करायची आणि पुढचीला द्यायची, एवढाच नियम. कुणी पापड करी, कुणी लोणची. रामटेककडून आलेली रुखमाबाई सरगुंडे करी. बारीक काडीवर कणकेची वेटोळी फिरवून ती सबंध दुपार उन्हात वाळत घाली. आईच्या चुलीवर तवा नव्हता. तिथे पालथं मडकं होतं, आणि त्यावर ती लांब रोट्या करी.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी एका मधल्या सुट्टीत आमचे ग्रंथपाल मनोहरराव चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "इंदोऱ्याच्या पुढे एका संस्थेत एक म्हातारी मांडे करायची. गोड. आमच्या आईला दात नाहीत, तिला तेवढेच चालायचे. काल गेलो तर म्हणे ती बाई वारली. दुसरं कुठे मिळतात का हो, तुम्हाला ठाऊक?" माझी आई वारली हे मनोहररावांना माहीत होतं. त्यांनीच रजा मंजूर केली होती, आणि रुजू झाले त्या दिवशी डोळे खाली घालून "वाईट झालं" असंही म्हणाले होते. पण त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या बायका होत्या. त्या वेगळ्या राहतील अशी व्यवस्था मीच गेली कित्येक वर्षं नीट करून ठेवली होती. मी म्हणाले, "नाही, मला नाही ठाऊक." बिस्किट तुटून चहात पडलं. ते चमच्यानं काढण्यात मनोहरराव गुंतले, आणि मी उठून कार्डांच्या कपाटाशी आले.

कपाटाचा खण ओढला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला रडू येत नाहीये. मला एक प्रश्न पडला आहे. गोड? आईच्या रोटीत मीठ असे. गहू, मीठ, पाणी, चौथं काही नाही. मनोहरराव चवीच्या बाबतीत काटेकोर माणूस. दुसऱ्या कुठल्या बाईच्या मांड्यांबद्दल ते बोलत असतील म्हणावं, तर त्या गोदामात मडकं एकच होतं. इतके दिवस मी दुःखासाठी मनात जागा करून बसले होते, रिकामी खुर्ची ठेवावी तशी. तिच्यावर येऊन बसलं ते हे कुतूहल. सुरुवातीला मला त्याची शरम वाटली. मग वाटलं, आईबद्दल मला शेवटचं कुतूहल कधी वाटलं होतं? आपल्या माणसाबद्दल आपल्याला सगळं माहीत असतं असं आपण धरून चालतो. वाचनालयात रोज दिसणाऱ्या पुस्तकाच्या पाठीवरचं नाव आपण वाचतो, आणि पुस्तक वाचल्यासारखंच वाटत राहतं.

रोटी कशी होते हे मात्र मी पाहिलं होतं. लहानपणी पाहिलं होतं, म्हणजे नीट पाहिलं होतं. बारीक दळलेल्या गव्हाची कणीक ती इतकी सैल भिजवी की बघणाऱ्याला वाटावं, बिघडली. मग ती परातीत आपटायची, उचलायची, पुन्हा आपटायची. त्या आवाजावरून वस्तीत कळे की बायजाबाईकडे आज पाहुणे आहेत. कणकेला चिवट तार आली की ओल्या हातात गोळा घेऊन या तळव्यावरून त्या तळव्यावर झुलवायचा. तो वाढत जाई, मनगटावरून खाली उतरे, कोपरापर्यंत लोंबे, आणि आता तुटणार असं वाटेतो तिनं तो पालथ्या मडक्यावर पसरलेला असे. खाली लाकडाचा जाळ. रोटी रुमालासारखी पातळ, हातभर लांब. तिच्या हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता, सगळे जाळानं गेलेले. छप्पन साली मी दहा वर्षांची होते. दीक्षेसाठी गावोगावची माणसं चालत नागपुरात आली, आणि आमच्या गल्लीत ओळखीपाळखीचे नसलेले चाळीस जण तीन दिवस उतरले होते. आईनं तीन दिवस मडकं खाली उतरवलं नाही. मग पांढरं लुगडं नेसून, मला कडेवर घ्यायचं वय उलटून गेलेलं असताना कडेवर घेऊन ती मैदानावर गेली. तिथल्या गर्दीतलं मला काही दिसलं नाही. तिच्या हाताला येणारा कणकेचा आणि धुराचा वास तेवढा आठवतो. वडील आधीच्याच वर्षी गेले होते. नंतर आई विड्या वळायची आणि मला शिकवायची. मी शिकत गेले. 'मले'चं 'मला' झालं, 'काहून'चं 'का' झालं, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कधीतरी 'माय'ची 'आई' झाली. पहिल्यांदा मी 'आई' म्हणाले तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं होतं, दारात दुसरं कोणी आलं आहे का म्हणून.

पाटीचा दिवस त्र्याहत्तर सालचा. संस्थेत आईला चूल मिळाली होती. धुराचं काम नको, गॅस वापरा, असं विश्वस्तांचं म्हणणं होतं. आईनं मडकं उचलून शेगडीवर पालथं ठेवून दाखवलं. ते डगमगलं. "हे बसत नाही बाप्पा," ती म्हणाली, "याले जमीन लागते." सुमतीताई हसल्या आणि चूल कायम झाली. प्रत्येकीच्या चुलीवर भिंतीला पाटी लावायची होती, आणि माझं अक्षर बरं म्हणून मी रंगाचा डबा घेऊन गेले होते. नोकरी लागून मला दोनच महिने झाले होते. सुती कलकत्ता साडी नेसले होते, हे आठवतं, कारण तिच्यावर तेलरंगाचा ठिपका पडला तो कधीच निघाला नाही. आईनं सांगितलं, "लांब रोटी लिही. मोठ्ठं." आणि ती परातीकडे वळली. तेवढ्यात सुमतीताईंनी बोलावलेल्या धरमपेठेतल्या दोन बायका गोदाम पाहायला आल्या. एकजण मडक्याकडे पाहून दुसरीला हळूच म्हणाली, "ह्या त्या लोकांच्या रोट्या. आमच्याकडे लाकडं फोडायला यायची ना एक, ती हेच खायची." आवाजात वाईट काही नव्हतं. तिला आठवण झाली होती, इतकंच. मग तिनं मला पाहिलं. ती आमच्या वाचनालयाची सभासद होती. "अय्या, तुम्ही इथे? कार्यकर्त्या का तुम्ही संस्थेच्या?" मी म्हणाले, "हो, मदतीला येते." आई तीन हातांच्या अंतरावर कणीक आपटत होती. आपटण्याचा आवाज थांबला. मग मागून आईचा आवाज आला, मी कधीच न ऐकलेला, पदर सावरून बोलावं तसा: "ताई, झाली काय जी पाटी आमची? तुमाले उशीर होत असन."

माझ्या हातात कुंचला होता आणि पाटी कोरी होती. मी डावीकडे, वरच्या अंगाला लिहिलं: मांडे. हा शब्द मी पुस्तकांत वाचला होता. तो जुना होता, सुरेख होता, लग्नाच्या पंगतींचा होता. त्याला धूर नव्हता, आणि त्यात 'ते लोक' नव्हते. धरमपेठेच्या बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "मांडे का! वा." त्या गेल्यावर आई हात पुसत आली, पाटीपुढे उभी राहिली. तिला तेव्हा अक्षर येत नव्हतं. "वाच," ती म्हणाली. मी वाचलं, "लांब रोटी." तिनं मान वाकडी करून पाटी न्याहाळली. "रोटी येवढी लांब, अन् अक्षरं दोनच?" मी म्हणाले, "शुद्ध लिहिलं की कमी अक्षरं लागतात." तिनं बोटावर उरलेली कणीक खरवडली. मग म्हणाली, "लागत असतीन," आणि बाकीची पाटी रिकामी का ठेवली हे तिनं विचारलं नाही.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. सहा वर्षांत तिलाही नाही. सुरुवातीला रोज वाटे, आज तिला कोणीतरी वाचून दाखवेल. मग महिना गेला, वर्ष गेलं. ती काही बोलली नाही, तेव्हा मी असं ठरवलं की तिला कळलेलं नाही. हे ठरवणं सोयीचं होतं. संस्थेत जायचं मी टाळत गेले. परीक्षांचे दिवस, पुस्तकमोजणी, काही ना काही निघे. आता कार्डांच्या खणावर हात ठेवून उभी असताना दोन गोष्टी वर आल्या. एका संध्याकाळी मी वाचत होते आणि ती भाजी निवडत होती. तिनं विचारलं होतं, "मांडे गोड राहतात काय वं?" मी पान उलटत म्हणाले होते, "असतात कुठे कुठे." तो शब्द तिच्या तोंडी आला कसा, हे माझ्या मनात आलं होतं का? आलं होतं. मी पान उलटलं होतं. दुसरी गोष्ट, त्याच सुमारास तिच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला आलेला फोड. जाळाचे चटके तिला नवे नव्हते, ते दोन दिवसांत काळे पडून जात. हा मात्र चिकटून बसला होता, कडेला तांबूस, आणि बरा व्हायला महिना लागला. "कशानं ग?" "कशानं काय, चटका." ते गुळाचं भाजणं होतं हे मला मनोहररावांच्या 'गोड' या शब्दानंतर कळलं. तेल उडालं तर पुसता येतं, गुळाचा पाक कातडीवर बसून राहतो.

शनिवारी अर्धा दिवस होता. बर्डीवर बस बदलून मी इंदोऱ्याला गेले. पिशवीत रंगाचा डबा आणि दोन कुंचले होते. ती म्हणाली होती, जागा भरून दे. पण कशानं ते मला ठाऊक नव्हतं, आणि सांगणारी गेली होती. गोदामात लोणच्याच्या फोडणीचा ठसका होता. आईच्या चुलीपाशी रुखमाबाई बसली होती, पुढ्यात परात, कोपरापर्यंत कणकेनं माखलेली. मडक्यावर एक रोटी पडली होती, मधोमध फाटलेली. मला पाहून ती उठली नाही. "ये वं पोट्टे," ती म्हणाली, "पाय, कसं भोकसं पडलं. तुही माय असती तं म्हनली असती, रुखमे, हे रोटी आहे का खिडकी आहे?" आणि हसता हसता तिनं दंडानं डोळे पुसले, त्यामुळे कपाळाला कणीक लागली. सुमतीताई मागून आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बायजाबाईंची चूल रुखमाबाई घेते म्हणते. सरगुंड्यांचं तिचं आता घरूनच चालेल. मी म्हटलं, मडकं बंद नको पडायला." मी रुखमाबाईकडे पाहिलं. पहिल्या वर्षी हीच रुखमाबाई आपली पाण्याची कळशी वेगळी आणून, वर ताटली झाकून ठेवी. आई घरी येऊन ते हसत सांगायची: "आज रुखमेची ताटली पडली. साऱ्या गोदामात घुमली. बिचारी निरा लाजली."

सुमतीताई हिशेबाच्या वह्या घेऊन आतल्या खोलीत गेल्या, आणि मी रुखमाबाईला सरळ विचारलं, "आई गोड करायची का?"

"तुले नाही माहीत?" तिनं हात थांबवला. "घ्या! घरात राहून नाही माहीत. अवं, पाटी लावली अन् आठ दिवसांत बाया येऊन राहिल्या. मांडे द्या म्हणत. तुही माय रोटी दे. त्या म्हणत, हे कुठले मांडे? मांडे गोड राहतात, साखरेचे. तुह्या मायनं इचारलं, मांडे कुठं लिहिलं आहे? तं त्याहीनं पाटी दाखवली."

"मग?"

"मंग काय. पायत राहिली पाटीकडं. मी म्हटलं, पोट्टीनं चूक लिहिलं दिसते, पुसून टाक. अशी अंगावर आली माह्या! म्हणे, माही पोरगी कालेजात पुस्तकाले नावं देते, थे चूक लिहीन काय? लांब रोटीचं शुद्ध नाव मांडे आहे. शुद्ध लिहिलं का कमी अक्षरं लागतात. आमी साऱ्या तेच म्हणून राहिलो मंग. इथं कोनी लय बोलली का आमी म्हणतो, शुद्ध बोल वं, कमी अक्षरं लागतीन." रुखमाबाई मोकळी हसली. मी हसायचा प्रयत्न केला.

"पण गोड?"

"तेच तं सांगून राहिली. म्हणे, पोरीनं मांडे लिहिलं तं मांडे झाले पायजे. पयले गूळ टाकला कणकेत. थे मडक्याले असं चिकटलं का दोन मडकी फुटली, अन् हात भाजला थो वेगळा. मंग साखर भरून पायली; कणीक ओली, साखर पानी सोडे, सारी रोटी गळून जाळात. सायंकाळी साऱ्या गेल्या का ही करून राहिली. मी म्हटलं, काहून जीव देतं? रोटी खपते तं आहे. तं म्हणे, पोरगी कधी आली अन् कोनी तिच्यासमोर म्हटलं, हे मांडे नोहेत, तं तिचं तोंड कसं होईन?" रुखमाबाईनं नवा गोळा घेतला, झुलवायला लागली. "सहा महिन्यांनी जमलं. रोटी उतरवली का गरमागरमच वरून पिठीसाखर अन् विलायची टाकाची, तूप फिरवाचं, अन् चार घड्या. वाफेनं साखर आतच मुरते. सोपं होतं वं! पन सुचाले सहा महिने लागले. दर गुरुवारी करे. लोक इतवारीहून येत."

गोळा तिच्या मनगटावरून उतरला, कोपराशी आला आणि तुटला. ती त्याला शिवी देऊन पुन्हा मळू लागली.

मी भिंतीवरच्या पाटीकडे पाहत होते. सहा वर्षांच्या धुरानं पिवळी झालेली पाटी. डाव्या कोपऱ्यात माझी दोन अक्षरं, आणि उरलेली सगळी रिकामी. मी एक खोटा शब्द लिहून निघून गेले होते, आणि ती तो खरा करत बसली होती. पण मग रिकामी जागा? मांडे तर तिनं खरे केले होते. अजून काय हवं होतं? मला कळत नव्हतं, आणि ते न कळणं मला सोडवेना. तिला माझ्याकडून पहिल्यांदाच काही लिहून हवं होतं असंही नाही. पत्रं, अर्ज, सगळं मीच लिहीत असे. "शेवटी शेवटी आई पाटीबद्दल काही बोलली होती?" मी विचारलं.

"बोलली नाही. पन लिहे."

"आईला लिहिता येत नव्हतं."

"हे पाय!" रुखमाबाईनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "सुमतीताई बुधवारी शिकवत नाहीत काय दुपारी? दोन वर्सं बसली तुही माय. मी नाही बसली, मले झोप येते. तुले सांगाचं नाही म्हणे. पोरीले एक दिवस वाचूनच दाखवीन म्हणे. अन् शिकली तशी रोज रोट्या झाल्या का परातीतल्या पिठात बोटानं लिहे, तेच तेच, अन् पुसून टाके."

"काय लिहायची?"

"मले काय माहीत? मले वाचता येत असतं तं." तिनं चार बोटं वर केली. "चार अक्षरं राहत. मी मोजली ना, रोजच पायली. दोन अक्षरं, मंग मधात जरा जागा सोडे, मंग दोन."

गोदामात कुणीतरी फोडणीत मोहरी टाकली. मी मनात मोजलं. मग बोटांवर मोजलं, लहान मुलीसारखं, कारण मनावर माझा विश्वास नव्हता. तिला वाचता येत होतं. दोन वर्षं ती रोज त्या पाटीखाली बसून माझी दोन अक्षरं वाचत होती, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्यासमोर भाजी निवडत होती. त्याच्याही आधी, त्र्याहत्तर साली, "ताई, झाली काय जी पाटी?" असं तिनं मला परकं केलं तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. तिथे वाचायला अक्षरं लागत नव्हती. आणि तरी तिनं माझा शब्द पुसून मागितला नाही. तो राहू दे, शेजारी जागा आहे, असंच ती म्हणाली. माझ्या तोंडात पिन होती.

मी रंगाचा डबा उघडला. पाटी खाली उतरवली नाही. स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं रिकामी जागा पुसली आणि लिहायला लागले. 'मांडे'ला हात लावला नाही. त्याचा रंग उडाला होता, पण तो शब्द आता माझा नव्हता, तिनं भाजून घेऊन मिळवला होता. त्याच्या पुढे, त्याच्याहून मोठं, तिनं सांगितलं होतं तसं मोठ्ठं लिहिलं. खालून रुखमाबाई हात कणकेत ठेवून मोजत होती. "एक. दोन. आता जागा सोड. हां. तीन... चार." मग तिचा आवाज बदलला. "हेच वं. हेच लिहे. काय आहे हे?"

"लांब रोटी."

तिनं पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग शुद्धही लिहिलं, अन् साधंही लिहिलं? दोन्ही काहून?"

"ते शुद्ध नव्हतं," मी म्हणाले.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर मडक्याकडे वळवली. मडकं तापलं होतं. बुडाभोवती, जिथे रोटीची कड पडते, तिथे इतक्या वर्षांत एक पांढुरकं वर्तुळ उमटलं होतं. मी स्टुलावरून उतरले. कुंचला माझ्या हातात होता, रंगाचा थेंब पायावर पडला. रुखमाबाई तिथे होती, लोणच्यावाली होती, आतल्या खोलीचं दार उघडं होतं. मी हळू बोलले नाही. पंधरा वर्षांत जी बोली माझ्या तोंडी आली नव्हती तीच आली.

"माय, मले लाज वाटली होती. लांब रोटी लिहाची लाज वाटली, अन् तुही लाज वाटली. म्हणून मी तुले खोटं वाचून दाखवलं."